काही न झाल्याचं खाजं

घरात मूल जन्मलं की आपण पेढे वाटतो. मुलगा पास झाला, मुलीचं लग्न ठरलं, नवी गाडी दारात आली की तोंड गोड करतो. म्हणजे काहीतरी झालं की. पण काहीच झालं नाही म्हणून हातावर खाजं ठेवणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो गोव्यात, पेडण्याजवळच्या पार्सेत, आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून राहिला.

खाजं म्हणजे आपलं जत्रेतलं हो. बेसनाच्या काड्या, वरून गूळ, आलं, तीळ. जत्रेला गेलेला माणूस ते न घेता परत आला तर त्याला पायरीवरच उभं करून विचारतात, गेलास कशाला मग? हे गृहस्थ मात्र जत्रा असो नसो, म्हापशाच्या बाजारातून पुडा आणून ठेवायचे आणि एखाद्या सकाळी अचानक ओटीवर येऊन म्हणायचे, "वहिनी, हात पुढे करा."

"कित्याचें हें?"

"काल काही झालं नाही त्याचं."

पहिल्यांदा मला वाटलं, माणूस शिकलेला आहे पण उन्हात फार फिरतो. मी खाजं खाल्लं आणि गप्प बसले. खाजं चांगलं होतं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. नावाने त्यांना गावात कुणी ओळखतही नव्हतं. सगळे त्यांना जाल्यारबाब म्हणायचे. आमच्या बोलीत 'जाल्यार' म्हणजे 'झालं तर'. हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा कायम. नारळ पडलो जाल्यार? तार तुटली जाल्यार? एकदा पेडण्याच्या बसमध्ये चढता चढता ड्रायव्हरलाच झोपेचं विचारलं, "तुका न्हीद आयली जाल्यार?" ड्रायव्हर आमच्याच वाड्यावरचा. तो म्हणाला, "काका, तुमी गाडयेंत आसतना म्हाका न्हीद येतली कशी?"

मूळचे ते डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याचे. खनिजाच्या ट्रकांच्या धुळीत वाढलेले. नोकरी सगळी मुंबईला झाली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर सुर्ल्याला गेले तर घर भावाच्या संसाराने भरलेलं. भावाने राहा म्हटलं, पण यांनी पाहिलं की आपण राहिलो तर पुतण्याची खोली जाते. म्हणून मग पार्से. सपाट अंगणात स्कूटर लावली तरी चाकाखाली दगड ठेवायचे. मी हसले तर म्हणाले, "आमच्या सुर्ल्याला दगड लावल्याशिवाय ट्रक कुणी सोडून जात नाही. ब्रेक लागलेला असला तरी. मला ती सवय लागली, आणि पुढे सरकारने त्याच सवयीचा मला पगार दिला."

खोल्या बघायला आले तो दिवस मला चांगला आठवतो. भाडेकरू काय विचारतो? पाणी येतं का, लाइट जाते का, भाडं किती. यांनी काही विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभे राहिले, चारी बाजूंनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या दाराने बाहेर पडता येत नसेल तेव्हा कुठून जायचं?"

मी म्हटलं, "मागे दार आहे की."

ते गेले, दार ढकललं. हलेना. दाराला लागून बाहेर आमची नारळांची रास, तिच्यावर काजूच्या रिकाम्या गोणी, त्यांच्यावर मोडका पाळणा.

"वहिनी," ते फार मऊ आवाजात म्हणाले, "दार आहे. वाट नाही."

आणि भाडं ठरायच्या आधीच शर्टाच्या बाह्या दुमडून नारळ हलवायला लागले. आमचे हे शेतातून आले तर अंगणात एक अनोळखी सायब आपले नारळ उचलतोय! यांना वाटलं, चोर. मग कळलं, भाडेकरू. यांना चोर परवडला असता असं त्या वेळी यांचं मत पडलं.

तरी दोघांचं जमलं. म्हणजे रोज भांडण्याइतकं जमलं.

मी एकदा सरळ विचारलं, "तुम्ही नोकरी काय करायचात?"

"नको म्हणायची."

"म्हणजे?"

"अणूपासून वीज करतात ना, त्या केंद्रांवर नजर ठेवणारं सरकारचं एक ऑफिस आहे. केंद्र बांधणारे नकाशे घेऊन आमच्याकडे यायचे. आम्ही त्यात खोट शोधायची. खोट दुरुस्त होईपर्यंत नको म्हणायचं."

"आणि खोट सापडली नाही तर?"

"तर आणखी शोधायची."

मी चौथीनंतर शाळेत गेले नाही. पुढचं सगळं शिक्षण पेपर वाचून, रेडिओ ऐकून आणि माणसांना प्रश्न विचारून. त्यामुळे मला कुणी समजावून सांगणारा भेटला की मी सोडत नाही. त्या दिवशी चुलीवर पेज होती. ते म्हणाले, "हे बघा, लाकडं ओढून घेतलीत, चूल विझवलीत, तरी पेज रटरटत राहते की नाही? आत निखारे असतात. तिथेही तसंच. केंद्र बंद केलं म्हणजे गार झालं असं नाही. आतले निखारे कित्येक दिवस गरम राहतात आणि त्यांच्यावर पाणी फिरवत राहावं लागतं. पाण्याला पंप. पंपाला वीज. बाहेरची वीज गेली तर डिझेलचं इंजिन. ते बंद पडलं तर दुसरं इंजिन."

"दोन इंजिनं ठेवली की मिटलं मग."

माणूस असा खूश झाला! मांडीवर थाप मारून म्हणाले, "इथेच, वहिनी! इथेच सगळे फसतात. दोन ठेवली, ठीक. पण ठेवली कुठे?"

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. समुद्राकाठी एक नवं केंद्र व्हायचं होतं. कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नकाशात दोन्ही इंजिनं तळघरात, एकाच खोलीत, शेजारी शेजारी, पाटावर बसवलेल्या नवरानवरीसारखी. यांनी विचारलं, पाणी शिरलं जाल्यार? बांधणारे म्हणाले, इथे समुद्र कधी आलेला नाही. हे म्हणाले, आलेला नाही हे मला कळलं, येणार नाही हे कुणी पाहिलंय? बैठका झाल्या. वरून फोन आले. बांधणाऱ्यांचे मोठे साहेब भर बैठकीत म्हणाले, तुमच्या एका प्रश्नाने आमचा आख्खा मोसम वाया गेला. यांचं आपलं एकच, दोन्ही इंजिनं एका पाण्यात बुडणार असतील तर ती दोन नाहीत, एकच आहे.

शेवटी एक इंजिन टेकडीवर नेऊन बसवलं.

"मग? आला समुद्र?" मी विचारलं. पेज तिकडे उतू चालली होती.

"नाही आला. अजून नाही. ते मोठे साहेब निवृत्त झाले तेव्हा समारंभात सगळ्यांसमोर मला म्हणाले, तुमच्यामुळे टेकडीवर एक इंजिन उगाच बसून आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, उगाचच बसून राहू दे. देवाने त्याला कधी काम देऊ नये."

त्या समारंभातून घरी जाताना त्यांनी स्वतःसाठी मिठाई घेतली. मुंबईत खाजं कुठलं, बर्फी घेतली. तिथून ही रीत सुरू झाली. म्हणाले, "डॉक्टरचा पेशंट बरा होतो, वकील खटला जिंकतो, मास्तरांचा विद्यार्थी नंबरात येतो. आमचं काम चांगलं झालं तर काय होतं? काहीच नाही. कोण येणार अभिनंदन करायला? मग आपणच आपलं करायचं."

घरातही त्यांचं हेच. दोन विजेऱ्या ठेवायचे, पण एकीचे सेल पेडण्याच्या दुकानातले आणि दुसरीचे म्हापशाचे. कारण एका खोक्यातले सेल एकदम मरतात म्हणे. दोन छत्र्या, एक त्यांच्या खोलीत आणि एक आमच्या जनेलाला टांगलेली. जनेल म्हणजे आमच्याकडे खिडकी. मी म्हटलं, दोन्ही तुमच्याकडेच ठेवा की. तर म्हणाले, एका खिळ्यावरच्या दोन छत्र्या चोराला एकाच फेरीत मिळतात. पाव घ्यायचा तर सकाळच्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गोल उंडे आणि संध्याकाळच्या पोदेराकडून कोंड्याच्या पावाच्या पोळ्या, म्हणजे एकाची सायकल पंक्चर झाली तरी उपाशी राहायला नको. दोन्ही पोदेर एकाच भट्टीचे आहेत हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढे हादरले की दोन दिवस बिस्किटं खाल्ली.

आणि चतुर्थी! गोव्याबाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला रानातली, परसातली, शेतातली जेवढी म्हणून फळं आणि भाज्या, तेवढी लटकवायची. नारळाची आख्खी पेंड, सुपारीचे घोस, तवशी, चिबूड, भोपळे. आमच्या घरची माटोळी म्हणजे वाड्यावर नाव. आमच्या ह्यांना हौस भारी. दरवर्षी गेल्या वर्षीपेक्षा जड.

जाल्यारबाब पहिल्या चतुर्थीला दर्शनाला आले. हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच ठेवून मान वर केली. गणपतीच्याही वर. मला तेव्हाच कळलं, आता काही खरं नाही.

"दोऱ्या दोन आहेत," ते म्हणाले.

"दोन कित्याक, चार म्हशी बांधशात तरी तुटच्यो ना," आमचे हे म्हणाले.

"आणि दोन्ही एकाच वाशाला?"

"तो वासो म्हज्या आज्यान घातला, सायबा. फणसाचो. आजमेरेन काय जावंक ना."

"आजपर्यंत काही झालं नाही याचा अर्थ काय माहीत आहे? आजपर्यंत काही झालं नाही. एवढाच."

"तुमका तो पोकळ दिसता?"

"मला तो दिसतच नाही. वर फळ्या मारल्यात. भरीव वासा आणि पोकळ वासा खालून सारखाच दिसतो."

खाली गणपती, समोर पोरंटोरं, आरतीची ताटं, आणि हे दोघे वर बघून भांडतायत. शेवटी मीच म्हटलं, "अहो, बांधा एक दोरी शेजारच्या वाशाला. देवाला काय फरक पडतो?" यांनी पाय आपटत शिडी आणली आणि बांधली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओटीवर खाजं हजर. आमचे हे म्हणाले, "पडली ना म्हण खाजें? पडचीच नाशिल्ली!" जाल्यारबाब म्हणाले, "तुम्हीही घ्या. तुमचंही काही झालं नाही."

मग दरवर्षी तेच. माटोळी पडायची नाही, आमच्या ह्यांचा टोमणा चुकायचा नाही, खाजं यायचं राहायचं नाही.

आमची शमा तेव्हा बारावीत. हिला हे सगळं फार आवडायचं. संध्याकाळी ओटीवर त्यांच्यासमोर बसायची. ते तिला सायकलचा ब्रेक, विहिरीचा पंप, असं काहीही दाखवून विचारायचे, "बाय, हे कसं मोडेल सांग." मोडायचं कसं हे शिकवणारा मास्तर, आणि शिकणारी आमची पोरगी. तिने विजेचं इंजिनियरिंग केलं आणि परीक्षा देऊन मुंबईला त्यांच्याच जुन्या ऑफिसात लागली. त्या दिवशी मात्र आम्ही पेढे वाटले. जाल्यारबाबांनी पेढा घेतला, पण चेहरा असा की कुणीतरी डोक्यावर एकाच वाशाला भरलेली माटोळी टांगलीय. "आता तिला रोज लोक म्हणतील, आजपर्यंत काही झालं नाही," म्हणाले.

आणि तेच झालं.

एका मे महिन्यात शमा सुटीवर आली. आली ती गप्प. आमरस खाताना गप्प म्हणजे काहीतरी मोठंच. आम्ही त्या वेळी छपराचं काम काढलं होतं, घरभर कौलं आणि धूळ. दुपारी ओटीवर जाल्यारबाब आपल्या कदेलीवर बसलेले, कदेल म्हणजे खुर्ची, आणि ही त्यांच्या पायाशी पायरीवर. मी फणसाचे गरे काढत होते. हात चिकट असल्यामुळे उठून जाता येत नव्हतं, आणि जायचंही नव्हतं.

ती म्हणाली, "काका, एक जुनं केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवलंय, पुढच्या महिन्यात सुरू करायचंय. निखाऱ्यांना पाणी देणारे दोन पंप. दोघांच्या तारा वेगवेगळ्या, पण एका ठिकाणी शेजारून जातात. मध्ये भिंत आहे, एकीकडे आग लागली तर दुसरीकडे जाऊ नये म्हणून. त्या भिंतीतून नळ गेलेत. नळाभोवतीची भोकं आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवलीत असं नकाशात आहे."

"तू पाहिलंस?"

"वर लोखंडी पत्रा आहे. तो उघडायचा तर आजूबाजूचं बरंच काही सोडवावं लागतं. सुरू करणं लांबतं. सगळे म्हणतात, हा नकाशा आपल्याच ऑफिसने कधीच पास केलाय, आता काय नवं?"

"मग?"

इथे तिचा आवाज बदलला. "मागे मी एका केंद्रावर असंच एक उघडायला लावलं होतं. आत सगळं चोख निघालं. काम खोळंबलं, सगळे हसले. साहेब म्हणाले, एकदा ठीक आहे. पुन्हा उगाच थांबवलंस तर तुला केंद्रावर पाठवणार नाही, ऑफिसात बसून कागद तपासशील. काका, मला तेच काम येतं हो. जाऊन डोळ्यांनी बघायचं. तेच गेलं तर मी तिथे कशाला?"

"मग काय विचारतेस?"

"पत्रा उघडायला लावू की नको?"

जाल्यारबाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते मी सांगणार नाही."

"काका!"

"मी आता बाहेरचा माणूस. आणि मी सांगितलं तर बैठकीत तू माझ्या दोरीला लटकशील. तुझी तुला बांधायला हवी."

पोरगी अशी चिडली! "आख्खा जन्म सगळ्या जगाला प्रश्न विचारलेत," ती म्हणाली, "मला एक उत्तर देता येत नाही?" आणि ताडकन उठून आत गेली. मीही रागावले. म्हटलं, "लेकरू एवढं अडलंय आणि तुम्ही चष्मा पुसता?" ते कदेलीवर बसून राहिले. त्यांचा चहा गार झाला, पण त्यांनी मागितला नाही, आणि मीही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्ताने वरून हाक मारली. मेस्त म्हणजे सुतार, बेळगावकडचा, वर छपरात बसून काम करत होता. "काकू, तो माटोळीचा वासा खाली घ्यायचा का? नवीन घालणार ना सगळे?"

झालं. हे शेतातून धावत आले. जाल्यारबाब मागच्या दाराने आले. शमा जिन्यात येऊन उभी राहिली. शेजारचे दोघेतिघे आले, कारण या वाशाचं भांडण आख्ख्या वाड्याला पाठ होतं. मेस्ताने वासा अंगणात उतरवून घेतला आणि आमच्या ह्यांनी हुकूम सोडला, "काप मरे मदींच! पळोवया सायबाचो पोकळ वासो!"

करवत चालली. सगळे वाकून बघतायत. दोन तुकडे झाले आणि आतून लाकूड निघालं पिवळंधमक, हळद लावल्यासारखं, फणसाचा वास अजून जिवंत. कीड नाही, वाळवी नाही, केसाएवढी भेग नाही. आणखी दोन पिढ्या त्या वाशाला काही झालं नसतं.

आमच्या ह्यांनी जी आरोळी ठोकली! "पळयलें? पळयलें? आज्यान घाल्लो तो! इतकीं वर्सां म्हाका शिडयेर चडयलो ह्या मनशान!" शेजारी टाळ्या देऊन हसायला लागले. मेस्तसुद्धा हसत होता, त्याला भांडण काय ते माहीत नव्हतं तरी.

आणि जाल्यारबाब सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होते. खाली बसले, त्या कापलेल्या तोंडावरून हात फिरवला, वास घेतला. "वा!" म्हणाले, "काय लाकूड आहे! चुकलो की हो मी. सपशेल चुकलो." आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. मग आत गेले आणि खाज्याचा पुडा घेऊन आले. सगळ्यांना खाजं वाटलं. मेस्ताला दोन काड्या जास्त.

शमा जिन्यातून खाली आली. "काका, तुम्हाला काहीच वाटत नाही? सगळे हसतायत."

"हसू देत की. हसण्यासारखंच आहे."

"इतकी वर्षं तुम्ही म्हणत होतात वासा पोकळ आहे."

"मी?" त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. "मी कधीच म्हटलं नाही. तुझ्या बाबांना विचार. मी म्हटलं होतं, पाहिलेला नाही. आता पाहिला. आता हा वासा खरंच चांगला आहे. कालपर्यंत तो फक्त पडलेला नव्हता."

ती खाजं हातात धरून तशीच उभी राहिली. मी माझ्या मुलीला ओळखते. तिच्या कपाळावरची आठी, जी ती आली तेव्हापासून होती, ती हळूहळू उलगडत गेली. मग तिने खाजं तोंडात टाकलं, कडकड चावलं आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली. अजून सुटी बाकी होती तरी.

जाताना पायरीवर जाल्यारबाब म्हणाले, "बाय, एक विचारू?"

"आता काय?"

"तोच नकाशा घेऊन आणखी किती केंद्रं बांधलीत?"

ती थबकली. म्हणाली, "देवा रे." आणि गेली.

पुढचं मला फोनवर कळलं ते सांगते. बैठकीत तिने उघडून बघायला हवं म्हटलं. तिला विचारलं, तुला खोट आहे असं वाटतं का? ती म्हणाली, मला काही वाटत नाही, मी पाहिलेलं नाही आणि इथे बसलेल्या कुणीच पाहिलेलं नाही. साहेब म्हणाले, चोख निघालं तर मागचं लक्षात आहे ना? ती म्हणाली, आहे. शेवटी पत्रा उघडला, एवढं ती सांगतेय तोच मी मध्ये तोंड घातलं.

"अगो सांग, काय निघालं?"

"आई," ती म्हणाली, "गोणपाट."

"कसलं गोणपाट?"

"पोत्याचं. भोकात मसाला नव्हताच. कधीतरी कुणीतरी नवा नळ घालायला भोक पाडलं, मसाला नव्हता म्हणून तोवर गोणपाट कोंबलं, वरून पत्रा मारला. आणि मग ते तसंच राहिलं. आग अडवणाऱ्या भिंतीत पोतं, आई."

मी धावत मागच्या खोलीकडे गेले. वाट मोकळीच होती, नारळ परत तिथे रचायची कुणाची छाती नव्हती. सांगितलं. मला वाटलं, म्हातारा उडी मारेल. ते डोळे मिटून बसून राहिले. मग म्हणाले, "कोंबणाऱ्याला शिव्या देऊ नकोस म्हणावं. त्याने निदान भोक आहे हे पाहिलं होतं. त्याला मसाला का मिळाला नाही ते विचार." आणि थोड्या वेळाने, "बाकीची केंद्रं?"

"त्या नकाशावरची सगळी उघडायचा हुकूम निघतोय म्हणाली."

तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला. मला कळेना काय मागतायत. मग कळलं. पुडा आमच्याच डब्यात होता, एका खोलीत दोन पुडे नकोत म्हणून एक माझ्याकडे ठेवलेला. मी काढून दिला. आमचे हे बाजूला उभे होते, ते म्हणाले, "सायबा, म्हजो वासो बरो निघलो, तिचो वायट निघलो. मागीर दोगांचेंय खाजें एकूच?"

"दोघांचंही पाहून झालं ना," ते म्हणाले. "मग एकच."

त्या चतुर्थीला ह्यांनी नव्या छपराला माटोळी टांगली. दोन दोऱ्या, दोन वासे. कुणी सांगायला लागलं नाही. वर टोमणाही मारला नाही, तेव्हा जाल्यारबाबच अस्वस्थ झाले आणि विचारायला लागले, बरं नाही का यांना?

पुढच्या शिगम्यानंतर ते गेले. दुपारी जेवून कदेलीवर बसले आणि बसल्या जागी गेले. खोलीची दोन्ही दारं उघडी होती, कुठल्या दाराने गेले कुणास ठाऊक. सुर्ल्याहून भाऊ आला, पुतण्या आला. पुतण्याने विचारलं, काकांच्या स्कूटरखाली दगड कुणी ठेवलाय? आमचे हे म्हणाले, "आसूं दी," आणि तोंड फिरवून विहिरीकडे गेले.

गेल्या आठवड्यात शमाचा फोन आला. अजून केंद्रांवर फिरते ती, साहेबांनी तिला कागद तपासायला बसवलं नाही. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाली, "आई, ते गोणपाटवालं केंद्र, त्याला सुरू होऊन आज वर्ष झालं."

"मग? काय झालं तिथे?"

"काही नाही. काहीच झालं नाही."

मी फोन ठेवला आणि कॅलेंडर पाहिलं.

बाजाराचा दिवस होता. मी साडी बदलली आणि म्हापशाची बस धरली. पुडा आणून वाड्यावर घरोघरी फिरले. शेजारणीने हातात खाजं घेतलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कित्याचें गो हें? शमाचें लग्न थारलें?"

"ना गो. काय जावंक ना, ताचें."

"काय जावंक ना?" ती हसायलाच लागली. "मगे तूं दर दिसा वांटूंक जाय!"

मी म्हटलं, वांटूंक जाय खरेंच, रोजच वाटायला हवं, आणि पुढच्या घराची पायरी चढले.